उघाडी

बाप भांडुपच्या मिठागरात राबायचा.
उघाडीतून पाणी किती घ्यायचं, कधी अडवायचं,
त्याला टाचेच्या भेगांतून कळायचं.

एकोणीस वर्षं मी रात्री
दुसरंच मीठ गिळते.
त्यानं माझं उधाण आवरलं,
खोटं कशाला बोलू.

आज क्रिएटिनिन एक पूर्णांक तीन.
मागच्या दिवाळीत एक होतं.
डॉक्टरीणबाईंनी आकड्यावर पेन टेकवलं,
गोळी थोडी उतरवली. बंद नाही.
‘पाणी पीत जा. आणि मीठ एकदम तोडू नका.’

गुडघा ठणकतो.
कोपऱ्यावरचा शहा केमिस्ट ओळखीनं
दुखण्याची स्ट्रिप सरकवतो.
मी परत सरकवते.

रात्री तीनदा लघवीला उठते.
नवरा कुशीवरूनच विचारतो, काय गं?
काही नाही, म्हणते,
उघाडी बघून आले.