बॅटरी अजून सात वर्षं

नेण्याआधी सीपीआरच्या पोरसवदा डॉक्टरनं
आईच्या छातीतून ते काढलं.
"आगीत फुटतं," म्हणाला,
आणि नीट दोन टाके घातले.
मेलेल्या बाईला टाके!
आई असती तर हसली असती.

पंचगंगेच्या काठी शेणी धडधडल्या,
ती डबी माझ्या शर्टाच्या खिशात.
रात्री सिद्धार्थनगरात, हाताच्या सवयीनं,
तिला मीटर लावला.
काटा हलला. सेकंदाला एक.
कुणाला देतेस बाई, हा ठोका?

आई शिरोलीच्या फौंड्रीत कोअर करायची.
वाळू, काकवी, तळव्याचा दाब.
रस थिजला की साचा फोडायचा,
वाळू चाळायची, परत भरायची.
"वाळू तीच रं, जॉब येगळा."
विहारात एवढं सोपं कुणी सांगितलं नाही.

जलदानाला भाची आली, उत्पला, बंगळूरहून.
"मामा, आजीचे व्हॉइस मेसेज द्या सगळे.
चारशे आहेत, पुरतील.
विचारलं की बोलेल ती.
पुढं तर मरणच उरणार नाही.
बुद्धांनाही दुःखच संपवायचं होतं की."

मी लेथवरचा माणूस.
माझ्या लेथचा चक बदलला, मोटर बदलली,
दिवाळीत बेड घासून घेतला.
गिऱ्हाईक म्हणतं, जुनं मशीन हाय, भारी हाय.
जुनी फक्त पाटी.
तेव्हा नवा गुडघा, नवं काळीज,
उद्या नवा मेंदूसुद्धा,
माझी काही हरकत नाही.
मूळ पार्ट कुठला, ते मला कधी सापडलंच नाही.

तिनं एक मेसेज लावला.
"गॅस बंद केलास काय रं?"
आम्ही दोघांनी स्वयंपाकघराकडं बघितलं.
बंद होता.
तिनं परत लावला.
आम्ही परत बघितलं.

"उत्पला," मी म्हटलं, "तहान ती हीच बघ."
ती काही बोलली नाही. नाक पुसलं,
केबल जोडली.

तीनशे नव्व्याण्णव दिले.
एक ठेवून घेतला, कुठला ते सांगणार नाही.
मी तरी कुठं सुटलोय.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
ड्रॉवरमध्ये मायक्रोमीटरशेजारी ती डबी,
कान लावला तरी आवाज नाही.
मीटर लावतो.