हात ढिला सोड

जोडमोह्याच्या चढावर इंजिन ओरडायला लागलं
आणि ओम्नी जिथल्या तिथे.
मागे अठरा पेट्या बांगड्या, तणसात गुंडाळलेल्या,
तरी किणकिणत होत्या.
बाबांनी पाय अजून दाबला.
आवाज चढला, गाडी नाही.
मग वास आला,
गोवरी आणि चप्पल एकाच चुलीत जळावी तसा.

आई म्हणाली, "पिचली वाटते."
बांगडीला ती असंच म्हणते.
बोटात अडकवायची, टिचकी मारायची,
धड असली की खणकते,
पिचलेली नुसतं ठप्प म्हणते आणि गप्प.

उतारावरून, ढकलत, विसाव्याविसाव्याने घरी.

सकाळी रोशन मेश्राम आला,
कळंबच्या आयटीआयचा, एक वर्ष झालेलं, एक राह्यलेलं.
"हँडब्रेक वढा काका. तिसरा टाका.
आता क्लच सोडा. पुरा सोडा."
बंद पडायला पाहिजे होती.
आम्ही चौघं कडुनिंबाखाली उभे,
आपलीच गाडी कधी बंद पडते याची वाट पाहत.
ती आरामात गुरगुरत राह्यली.

आधी केबलचा नट. पायाला बोटभर ढील दिली.
पुन्हा तिसरा, पुन्हा सोडा.
पुन्हा गुरगुर.
"उतरवा लागते," रोशन म्हणाला,
आणि पहिल्यांदा त्याचा आवाज जरा बारीक झाला.

बाबांनी यवतमाळला फोन करून प्लेटचा भाव विचारला,
ऐकला,
आणि मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

सागाचे ठोकळे. जुनी ताडपत्री. मी बॅटरीवाली.
निघालेला एकेक बोल्ट आई बांगड्यांच्या रिकाम्या खणात ठेवे:
दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा,
खणांवर तिच्याच हातचे आकडे.
गिअरबॉक्स रोशनच्या छातीवर उतरला
तेव्हा तो "हं" एवढंच म्हणाला.

प्लेट तेलात न्हालेली.
"हिचा दोष नाही," रोशन म्हणाला, "मागचं सील गळते."
सील म्हणजे रबराचं एक काळं कडं.
आईने उजेडाकडे धरून पाह्यलं.
"दोन-आठ," म्हणाली.

नवं सील बसलं. नवी प्लेट,
मधोमध धरायला बाभळीचा तासलेला दांडा.
आता फक्त गिअरबॉक्स परत आत सरकवायचा.
फक्त.

दोन वाजले. अडीच वाजले.
बाबा, रोशन, शेजारचे वामनराव जांभोरे
तिघं मिळून लोटत होते.
इंचभर फट. जाईचना.
"बोल्ट आवळून वढून घेऊ," वामनराव म्हणाले.

"फुटन!"
आई इतक्या जोरात म्हणाली की कोंबड्या उठल्या.
बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या,
पदर खोचला, ताडपत्रीवर आडवी झाली, सरकत आत गेली.
"जोर कोनाले लावून राह्यले तुमी?"
मग आवाज उतरवून, गिअरबॉक्सला,
जसं ती हळदीच्या आदल्या दिवशी नवऱ्यामुलींना म्हणते,
डोळे मिटून ओठ चावणाऱ्या, पंजा आवळून धरणाऱ्या:
"ढिला सोड बाई. हात ढिला सोड.
दुखत नाई."
मला म्हणाली, "मागून दांडा फिरव. केसभर."
मी फिरवला.
"अजून केसभर."
तिचा तळवा धातूखाली, अंगठा वर,
दाबत नव्हती, नुसती धरून होती.

टक.

कोणी काही बोललं नाही. फट गेली होती.

संध्याकाळी हँडब्रेक. तिसरा.
बाबांनी क्लच सोडला,
गाडीला एक हिसका बसला आणि ती मेली.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
रस्त्याने जाणारा एक जण सायकल थांबवून
आमच्याकडे पाहत राह्यला.

दोन-सहाच्या खणात एक बोल्ट उरला.
रोशन म्हणतो, तो या गाडीचा नाहीच.
आई काही म्हणत नाही, तो तिथेच ठेवते.
जोडमोह्याच्या चढावर आता इंजिन गप्प असतं,
आणि मागे, अठरा पेट्यांतून,
तो एकटा वाजतो.