एका नळीत पाच

मोखोत्लोंगला रस्ता संपतो,
पुढचं सगळं घोड्याच्या मर्जीवर.
न्ताते सेखोबे दर गुरुवारी डोंगर उतरतात,
घोंगडीच्या आत छातीशी धरलेलं पाकीट,
पाकिटात जाड कागदाचे तुकडे,
प्रत्येकावर रक्ताचे पाच ठिपके,
वाळून तपकिरी, चहा सांडून राहावा तसे.
बर्फाची पेटी लागत नाही, वीज लागत नाही.
"वाळलं की कुजत नाही," ते म्हणतात,
"मांस काय, रक्त काय."

माझ्याकडे यंत्र एक.
आणि रसायनाच्या कुप्या,
राजधानीतून मोजून निघतात
आणि इथं पोचताना आणखी मोजक्या होतात.
एका चाचणीच्या पैशात मक्याच्या पिठाची दोन पोती.
हे मला कुणी शिकवलं नाही,
दुकानात रांगेत उभी असताना
मीच आपला हिशेब केला.

म्हणून आम्ही पाच माणसं एका नळीत घालतो.
थोडं याचं, थोडं तिचं.
नळीत काही सापडलं नाही
तर पाचही जण एका कुपीत सुटले.
सापडलं, तर पाचांना पुन्हा वेगळं करायचं,
एकाच्या जागी सहा कुप्या.
जुगारच म्हणा,
फक्त गणित येणाऱ्यांनी मांडलेला.

कागदावर नाव नसतं, क्रमांक असतो.
पण जिल्हा केवढासा!
गाव कळलं, वय कळलं, की माणूस कळतो.
त्या गुरुवारच्या नळीत
प्रमुखाची धाकटी बहीण होती, म्मे लिखापा,
आणि कुरणाच्या हद्दीवरून तिच्याशी
अकरा वर्षं न बोललेला त्सेलिसो.
शाळेतली स्वयंपाकीण.
खाणीतून फक्त खोकला घेऊन परतलेला एक जण.
पाचवा सतरा वर्षांचा, वरच्या गोठ्यावरचा मोत्लात्सी.
अकरा वर्षांचा अबोला मी
एका थेंबात मोडला,
दोघांनाही न विचारता.

दुपारी पडद्यावर आलं: बेचाळीस हजार.

मी बघत बसले.
पाचांचा मिळून आकडा,
म्हणजे अजून कुणाचाच नाही
आणि कुणाचाही.
कुठल्यातरी चुलीपाशी चौघं निवांत जेवत असतील,
त्यांना काय ठाऊक
की आज संध्याकाळपर्यंत
ते पाचव्याच्या वतीनं आजारी आहेत.

पाच कुप्या फोडल्या.
महिन्याच्या वहीला भोक पडलं, पडू दे.
लिखापा, नाही.
त्सेलिसो, नाही.
स्वयंपाकीण नाही, खोकलेवाला नाही
(त्याचं मला उगाच वाटत होतं, मी मनात माफी मागितली).
मोत्लात्सी: दोन लाख दहा हजार.

नर्स म्हणाली, औषध लागू पडत नसेल,
महागडं दुसरं मागवावं लागेल.
सेखोबे घोड्यापुढे दाणे टाकत होते,
वर न बघता म्हणाले,
"औषधाला कशाला नावं ठेवता?
जूनमध्ये खिंड बंद झाली.
पोरगा वर मेंढरांपाशी,
गोळ्या खाली आईपाशी, बिस्किटांच्या डब्यात.
सात आठवडे."

म्हणजे इतका वेळ माझं यंत्र
बर्फ मोजत होतं.

आता गोळ्या दोन्हीकडे असतात.
वरच्या, उंदरांना पोचू नयेत म्हणून
गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या,
आणि रात्री मेंढरं मोजून झाली
की तो एक गिळतो,
शेवटच्या मेंढराचा आकडा म्हणावा तशी.
असं सेखोबे सांगतात. मी त्याला पाहिलेलं नाही.

नोव्हेंबरात त्याचा कागद पुन्हा आला,
धुराचा वास, कोपऱ्यावर लोकरीचा धागा.
अशाची चाचणी एकट्याची करायची, असा नियम आहे.
पूर्वी अशा कागदाचं उत्तर राजधानीतून यायचं
तेव्हा माणूस ऋतू बदलून बसलेला असायचा,
कधी माणूसच नसायचा.
आता दीड तास.
मी नळी आत ठेवली, झाकण लावलं,
चहाचं आधण चढवलं.
खिडकीतून सेखोबे खोगीर आवळताना दिसले.
मी तावदान ठोकून त्यांना थांबवलं.
"जरा बसा," म्हटलं, "निरोप घेऊनच जा.
कसाही असला तरी."