प्लॉट नंबर एक एक डी दोन चार

मे महिना. बर्डीवरचं माझं दुकान,
कूलरच्या पाण्याला खसाचा वास.
मरसकोल्हे काका, फॉरेस्टमधून रिटायर, मुक्काम देवलापार,
थैलीतून दोनशे पानी वही काढतात
आणि सातबाऱ्याची नक्कल ठेवावी तशी
काउंटरवर ठेवतात.

"हे नाव टाइप करून द्या. दगडावर खोदाचं हाय."

मैना.
वहीत पेन्सिलीनं, गोंडी लिपीत.
फोनमध्ये तेच, सिवनीहून नातीनं पाठवलेलं.
फोनमध्ये मात्र चार चौकोन.
माझ्या स्क्रीनवरही चार.
बंद घराच्या चार खिडक्या, एकीतही दिवा नाही.

"काहून?"

अठरा वर्षं लग्नपत्रिका जुळवणाऱ्या बाईनं
काय सांगावं?
नागपुरात कळेल असं सांगितलं:
काका, लेआउट पडलेला आहे.
तुमच्या म-ला प्लॉट मिळालाय,
नंबर एक एक डी दोन चार.
आरएल झालंय, शेजार ठरलाय,
अलीकडे भ, पलीकडे य,
जगातलं कुठलंच मशीन तो नंबर
आता दुसऱ्या कुणाला देणार नाही.
फक्त आपल्याकडे बांधकाम व्हायचंय.

"म्हंजे जागा हाय, घर नाई."
हो.
"आमचं उलटं रायते," ते म्हणाले,
"घर असते. कागद नसते."
हसले की नाही, कूलरच्या आवाजात कळलं नाही.

फॉन्ट उतरवला. अर्धा मिनिट.
चारही खिडक्यांत एकदम उजेड.
मी खुर्ची फिरवून पाहिलं, शाबासकीच्या आशेनं.
काका स्क्रीनजवळ गेले, चष्मा कपाळावर,
बराच वेळ.
"म हाय," म्हणाले.
"मैनाचा म नाई."

तेव्हा कळलं, वही कुणाची होती.
साठी उलटल्यावर शिकली होती बाई,
आधी सारवलेल्या भुईवर चुन्यानं, मग या रेघांवर.
पानभर एकच अक्षर.
वर घाबरलेलं, खाली येता येता मोकळं,
शेवटच्या ओळीत तर जरा उद्धटच.

मी शेवटची ओळ स्कॅन केली.
वळणावर एकेक ठिपका ठेवत गेले,
ओढला, सोडला, पुन्हा ओढला.
जे मला वाचता येत नाही
त्याच्या कडेकडेनं चालत गेले.
पाठीमागून आवाज: "थोडं खाली. इथं हात कापे तिचा.
ते काढू नका."

नाही काढलं.
नंबर तोच राहिला. एक एक डी दोन चार.
आतला हात बदलला.

त्या रात्री झोप येईना तर तक्ता उघडून बसले.
ए आणि ऐ यांच्यामधे एक प्लॉट मोकळा सोडलाय.
कुंपण नाही, पाटी नाही.
कुणासाठी, कुणास ठाऊक.

प्रिंटचे पैसे काकांनी मोजून दिले,
वहीचं पान फाडू दिलं नाही.
तुमच्या फोनातही फॉन्टचं पाहू का, विचारलं,
तर म्हणाले, "राहू द्या. नातीले दिसते.
मले मालूम हाय आत कोन हाय."

आठवड्यानं माझ्या मोबाइलवर त्यांचा फोटो आला,
दगड, मोहाचं झाड, दगडावर तो कापरा म.
खाली चार चौकोन.
वाचले मी. सरळ वाचले.

त्याखाली आणखी एक ओळ होती,
चौकोनांचीच, सात.
ती कुणाला विचारायची
अजून ठरलेलं नाही.