सतरावी चाल

पहिल्या चालीला आपल्याकडे असतं काय?
एक टेहळ्या, एक भालेकरी,
बैलगाडीवर संसार लादलेलं एक कुटुंब
आणि चहूकडे काळोख, षटकोनी तुकड्यांचा.

मी नेहमी घाई करायचो.
सोनं आलं की घोडे,
लाकूड आलं की मनोरा,
आणि तिसाव्या चालीपर्यंत
गावात उपास, वेशीवर शेजाऱ्याचे हत्ती.

"माणसं किती?" शालन आत्याने मागून विचारलं.
कन्नमवार नगर, दुसरा मजला,
खिडकीतून खाडीचा वास,
तिच्या हातात तांदूळ निवडायचं ताट.
"तीन."
"गहू?"
"चालीला दोन."
"मग हा मनोरा काय शिजवून घालणार आहेस त्यांना?"

एकतीस वर्षं शिधावाटप कार्यालयात काढलेली बाई.
भांडुपच्या कुठल्या दुकानात
रॉकेलचं माप बुडाशी चेपलंय
हे नुसत्या आवाजावरून ओळखायची.
तिने ताट बाजूला ठेवलं, चष्मा पुसला,
वीजबिलाच्या पाठीवर रकाने आखले:
गहू, लाकूड, दगड, सोनं, तोंडं.

टेहळ्याचं नाव ठेवलं फडते,
तिच्या ऑफिसातला शिपाई,
टपाल घेऊन गेला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत दिसत नसे.
फडतेला तिने टेकडीवर चढवलं.
तिथून नदी दिसली, हरणं दिसली,
आणि एक राजा, दाढीवाला, हात जोडून:
मैत्री करू, वीस सोनं द्या.
"पहिल्याच भेटीत उसनं," आत्या म्हणाली,
"याचं कार्ड बोगस आहे."

आधी शेत. मग कोठार. मग दुसरं शेत.
भालेकरी दारात उभा, बिनकामाचा,
तिला बटण सापडलं, त्याला झोपवायचं,
केवढी खूश झाली.
"आम्हाला नव्हतं असं काही."

सतराव्या चालीला सोनं झालं चौसष्ट
आणि ती थांबली.
मी म्हटलं, गाडी विकत घे, दुसरं गाव वसव.
ती म्हणाली, असू दे गाठीला.
मी म्हटलं, आत्या, सुरुवातीचं सोनं साठवलं की मरतं,
आत्ताचं एक गाव
म्हणजे शंभराव्या चालीची पाच गावं,
हा साधा हिशोब आहे.

बोलून गेलो आणि पाहिलं,
ती पडद्याकडे बघत नव्हती.
कपाटाकडे बघत होती, गोदरेजच्या,
जिथे पावत्या आहेत मुदत ठेवींच्या,
दर तीन वर्षांनी पुन्हा ठेवलेल्या,
रबरबँड सुकून कागदाला चिकटलेले.
चोवीसाव्या वर्षी कुणीतरी तिला नाशिकला
अर्धा गुंठा दाखवला होता म्हणे,
आणि एक माणूसही, त्याच गावचा.
घरात तेव्हा तोंडं सात.

"हे तेव्हा कुणी सांगितलं नाही," एवढंच म्हणाली,
आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली.
शिट्ट्या अजून दोन बाकी होत्या.

मी रात्रपाळीला ऐरोलीला गेलो.
पहाटे परत आलो तर लॅपटॉप चालूच,
पंख्याखाली वीजबिल फडफडतंय, वर अडकित्ता.
नदीच्या वळणावर नवीन गाव,
तीन झोपड्या, एक धुराची रेघ.
फडते टेकडीवर झोपलेला.
भालेकरी दारात झोपलेला.
आत्या खुर्चीत, चष्म्यासकट.

रकान्याखाली तिच्या ऑफिसातल्या अक्षरात:
शिल्लक, शून्य.
खाली दोन रेघा.

"चाल संपवा" लुकलुकत होतं.
आणि नदीपलीकडे, काळोखाच्या अगदी कडेला
एक लाल निशाण.
ते तिने पाहिलं होतं की नाही,
बिलावर कुठेच नोंद नव्हती.