सोप्या लेव्हलवर

मी खेळते ती सोप्या लेव्हलवरच.
सुरुवातीलाच विचारतात :
सोपं, मध्यम, कठीण, की दुःस्वप्न?
दिवसभर एक्स-रे मशीनमागे उभं राहून
'श्वास रोखा, सोडा' म्हणत आलेल्या बाईला
हे काय विचारायचं?

पहिली कॅसेट पिवळी. चारकोपला, नाबरांच्या घरी.
वर छापलेलं : नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम.
प्रत्यक्षात सहाच, नावं बदलून बदलून.
तरी अख्खी मे महिन्याची सुट्टी
आम्ही सातवा शोधत होतो.
अडकला की नाबरकाकू आतून ओरडायच्या,
फुंकर मारा रे, थुंकू नका.
चालायचा.
कशाने, ते अजून कळलेलं नाही.

मग साप. बाबांच्या फोनवर,
केईएमच्या बाकड्यावर, चार रात्री.
साप वाढला की त्याला स्वतःचीच अडचण होते,
एवढंच त्यातलं तत्त्वज्ञान, आणि ते बरोबर आहे.
शहाऐंशीवर होते तेव्हा नर्सने आमचं नाव पुकारलं.
थांबवायचं बटण कुठलं
ते मला माहीत नव्हतं.

मधली बरीच वर्षं काही नाही.
गोळ्या जुळवायचा एक होता, मटार सोलण्यासारखा,
हात चालतात, टोपलं भरत नाही.
काढून टाकला.

शार्दूलने, माझ्या भाच्याने, जुना कन्सोल आणून दिला.
म्हणाला, मावशी, जरा मारामारी शिक.
झाँबी आले. त्यातला पहिलाच
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा चालत होता,
पाय ओढत, हातात जणू मेन्टेनन्सची पावती.
मी गोळी झाडली नाही. दार लावून घेतलं.
तिथे दार लावता येतं
हे शार्दूललाही माहीत नव्हतं.

गाड्यांच्या शर्यतीत मी सिग्नलला थांबते.
मागून सतराजण येऊन आपटतात.
कुणी खाली उतरून आईवरून बोलत नाही,
नुसता धूर, आणि गाडी पुन्हा कोरी.
माझी ॲक्टिव्हा अंधेरी-कुर्ला रोडवर खरचटली
त्याला वर्ष होत आलं.

तलवारीच्या त्या मोठ्या गेमला दीडशे तास लागतात म्हणे.
माझे अकरा झाले, त्यातले चार घोडा शोधण्यात.
वेशीवर एक लोहार आहे. कधीही जा, एकच वाक्य :
'वारा उत्तरेचा आहे, वाटसरू.'
शार्दूल हसतो त्याला.
मी नाही हसत. आमच्या गेटवर यादवजी रोज म्हणतात,
'मॅडम, आज लेट?'
आणि मलाही दोनच उत्तरं दिसतात.
मी वरचं निवडते.

हल्ली मात्र मासे.
गेम खरं तर शेतीचा, पण वांगी मी वाळू दिली.
धक्क्यावर बसायचं, गळ टाकायचा,
रिमोट थरथरला की ओढायचं.
ती थरथर खोटी नसते. अंगठ्याला कळतं.
परवा पहाटे दोनला मोठा लागला,
रुपेरी, रावसाच्या अंगाचा.
दुकानात दिला. चाळीस नाणी.

रविवारी मरोळच्या बाजारात
चांगुणाबाईंना सहज बोलून गेले.
त्यांचा कोयता थांबला.
'केवढा व्हता?'
मी हात पसरून दाखवला.
'आन चाळीसला दिलास?'
तिकडे तोच भाव आहे, म्हटलं.
'घेनारा कोन?'
एक टोपीवाला म्हातारा.
'लुबाडला तुला. आता गेलीस का सांग त्याला,
बर्फाचा नाय, आताच धरलाय.
आन पाठ फिरवून चालायला लाग. बोलावतो का नाय बघ.'

रात्री पुन्हा एक लागला, त्याहून मोठा.
म्हाताऱ्यासमोर उभी राहिले.
सगळी बटणं दाबून पाहिली.
घासाघीस नावाचा पर्याय नव्हता.
पाठ फिरवली, चालायला लागले, पार पुलापर्यंत.
म्हाताऱ्याने बोलावलं नाही.

मासा पिशवीतच आहे.
त्या गेममध्ये मासे नासत नाहीत.
हे मी चांगुणाबाईंना
सांगणार नाहीये.