घसारा

प्रश्नांचा कागद बाबांच्या हातात आहे.
डिचोलीच्या झेरॉक्सवाल्याने खालची ओळ कापली,
म्हणून शेवटचा प्रश्न आम्हां दोघांनाही ठाऊक नाही.
बाबा चष्मा नाकावर ओढतात आणि वाचतात,
शाळेत धडा वाचावा तसे, बोट ठेवून:
“टेल मी... अबाउट... युवरसेल्फ.”
मी खुर्चीत ताठ बसते.
सर, मी दर्शा गावस, बी.कॉम., एकाहत्तर टक्के.
(टक्के सांगताना हसायचं नाही, लुईझाने बजावलंय.)
आई आतून विचारते, सर कोण गे?
बाबा म्हणतात, मी.

मग डेप्रिसिएशन.
मालमत्तेचं मोल वापराने, काळाने
दरवर्षी थोडं थोडं उतरतं, त्याचा हिशेब.
पद्धती दोन. एक सरळ रेषेची, दुसरी...
बाबा कागदावरून मान वर करतात.
अंगणात ट्रक उभा आहे,
खाणी बंद झाल्या त्या वर्षापासून तिथेच.
टायर अर्धे मातीत. कारल्याचा वेल
केबिनच्या एका खिडकीतून आत गेलाय
आणि दुसरीतून बाहेर आलाय.
गेल्या आठवड्यात आईने स्टिअरिंगवरून तीन कारली काढली.
“ह्याचं आता किती?”
कागदावर हा प्रश्न नाही.
सर, वहीत एक रुपया लिहून ठेवतात,
वस्तू आहे एवढं लक्षात राहावं म्हणून.
“एक रुपया,” बाबा म्हणतात आणि हसतात,
आणि ते हसू आवरायला त्यांना जरा वेळ लागतो.

बाकीचे दोन बँकेने नेले तेव्हा मी पाचवीत होते.
मुलाखतीच्या पत्रावर त्याच बँकेचं नाव आहे.
हे घरात कुणी बोललेलं नाही.
पत्र आलं तेव्हा बाबांनी ते देवापुढे ठेवलं,
मग उचलून पुन्हा वाचलं,
मग म्हणाले, पणजीत पाटोवर ऑफिस, बस थेट आहे.

तेविसावा प्रश्न, एनपीए.
नव्वद दिवस हप्ता थकला की.
हे मला पाठ करावं लागलं नाही.
पहिल्या महिन्यात फोन वाजतो तो बाबा उचलतात,
दुसऱ्यात आई उचलते, म्हणते, ते मयेला गेलेत,
तिसऱ्यात फोन उशीखाली.
एवढं सगळं सरांना सांगायचं का?
नव्वद दिवस, सर.
“बरोबर,” बाबा म्हणतात.
त्यांच्याकडे उत्तरांचा कागद नाही.

ते प्रश्नांची घडी घालतात.
“वसुलीला पोरगा यायचा ना एक, फोंड्याचा,
उल्हास की काय, आठवतो?”
आठवतो.
“दर खेपेला बूट पायरीखाली काढून यायचा.
मोजेसुद्धा. पाणी मागून प्यायचा.
चाव्या नेल्या त्या दिवशीपण.”
मी थांबते. वाटतं, पुढे काहीतरी येईल,
सल्ला, शिवी, निदान उसासा.
येतात ते डास. आई खिडकी लावते.

लुईझाचे काळे बूट मला एक नंबर मोठे,
पुढे पेपरचे बोळे.
चालून बघ, आई म्हणते, उद्या तिथे लंगडशील.
घरात बूट घालून मी कधी चालले नाही.
ओसरीपासून मागच्या दारापर्यंत
टक् टक् टक् टक्,
देवाच्या खोलीसमोरून फक्त चवड्यांवर.
बाबा फरशीकडे बघतायत, पावलं मोजतायत की काय.
“आता बाहेर जा,” ते म्हणतात,
“आणि दार वाजवून विचार, आत येऊ का.”

अंगणात काळोख. ट्रक.
आत कुठेतरी कारली वाढतायत.
मी बोटं मुडपून दारावर वाजवते, फार जोरात नाही.
मे आय कम इन, सर?

आतून लगेच उत्तर येत नाही.